सायकल कितीची?

आमच्या धंद्यात एक प्रश्न दोन अर्थांनी विचारला जातो. गिऱ्हाईक दुकानात शिरतं, एखाद्या सायकलीच्या हँडलवर हात ठेवतं आणि म्हणतं, "ही कितीची?" त्याला किंमत हवी असते. माझे वडील हाच प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचे, "कितीची देऊ? बावीसची का चोवीसची?" त्यांना फ्रेमचं माप हवं असायचं. गेली अठ्ठावीस वर्षं मी नाशिकच्या गंगापूर रोडवर सायकली विकतो आणि दुरुस्त करतो. त्यातली पहिली कित्येक वर्षं मी फक्त किंमतच सांगत आलो. माप विचारायला मला उशीर झाला, आणि तो उशीर माझ्या गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना आणि मनगटांना भोवला. म्हणून हे लिहितो आहे.

वडिलांचं दुकान अशोक स्तंभाजवळ होतं. विकण्यापेक्षा भाड्याच्या सायकली जास्त. तासावर द्यायच्या, वहीत नाव लिहायचं, परत आली की ब्रेक आणि घंटी तपासून घ्यायची. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यातल्याच एका चोवीसच्या सायकलीवर शिकलो. सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. दांड्याखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, उजव्या काखेत सीट धरायची, डावा हात हँडलला, आणि हाफ पायडल मारत जायचं. मग फुल पायडल, मग दांड्यावर, आणि दोन-तीन वर्षांनी एकदाचं सीटवर. माझ्या पिढीतली बहुतेक माणसं अशीच शिकली. सायकल मोठी असणारच आणि आपण तिच्याइतकं वाढायचं, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

त्याला कारणही होतं. बहुतेक घरांत सायकल एकच. तिच्यावर वडील सातपूरला कामावर जाणार, सुटीच्या दिवशी काका भाजी आणणार, मोठा मुलगा कॉलेजला नेणार. मग माप घ्यायचं कुणाच्या पायाचं? माप ठरायचं ते ओझ्यावरून. गोवर्धन आणि गंगापूर गावाकडून पहाटे दूधवाले यायचे, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून. त्यांना मोठी, जड, मजबूत फ्रेमच हवी असे.

आणि खरं सांगायचं तर त्या सायकली माणसाला सांभाळून घ्यायच्या. हँडल मागे वळून आपल्याकडे येणारं, त्यामुळे हात लांब करावे लागत नसत. पाठ ताठ. सीटखाली स्प्रिंगा. सीट थोडी खाली असली तरी पाच-सात किलोमीटरच्या संथ प्रवासात गुडघा तक्रार करत नसे. माप चुकलं तरी ते अंगाला फार लागत नव्हतं. धंद्यात मोठा होत असताना मी हे कधी तपासून पाहिलं नाही. सायकलीला माप नसलं तरी चालतं, एवढाच चुकीचा धडा मी त्यातून घेतला.

आमच्याकडे "फिटिंग" हा शब्द होता, पण त्याचा अर्थ वेगळा. नवी सायकल सुट्या भागांत यायची. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, त्या गुंफायच्या, चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायचा, छर्रे ग्रीसमध्ये बसवायचे, कॉटर पिन ठोकायची. एवढं झालं की सायकल "फिट" झाली. वडील या कामात फार चोख होते. त्यांनी बांधलेलं चाक वर्षभर हलायचं नाही. मीही ते शिकलो आणि मला त्याचा अभिमान होता. सायकलीचे भाग एकमेकांना नीट बसले म्हणजे आपलं काम संपलं, असं मी मानत होतो. वर बसणारा माणूस हाही त्या जोडणीतलाच एक भाग आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

2010 च्या पुढे या रस्त्यावरचं चित्र बदलू लागलं. सकाळी साडेपाचला डॉक्टर, वकील, कंपनीतले अधिकारी हेल्मेट घालून आनंदवलीवरून गंगापूर धरणाकडे जाताना दिसायला लागले. 2015 साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका', पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत, दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. तेही तेव्हा नाशिकलाच नेमणुकीस होते. शहरात एक लाटच आली. दुकानात लोक येऊन थेट वाकड्या हँडलची रोड सायकल मागू लागले. मी कर्ज काढून माल भरला. धंदा कधी नव्हे इतका चालला.

त्याच दिवसांतली एक विक्री मी विसरू शकत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक गृहस्थ आले. उंची साडेपाच फुटांच्या वर, पाय लांब, धड आखूड. तेव्हा मला हे 'धड आखूड' वगैरे दिसतही नव्हतं. त्यांना एक रोड सायकल आवडली. दुकानात ती फक्त एल मापात शिल्लक होती, आणि महिनाअखेरीला माझा हप्ता होता. मी त्यांना सायकल दोन पायांत घेऊन उभं राहायला सांगितलं. दांडा लागत नव्हता. सीट वर केली, पाय पुरत होते. मी म्हटलं, "साहेब, तुमच्यासाठीच बनवलीय." ते विश्वासाने पैसे देऊन गेले.

महिन्याभराने आले. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते, म्हणाले. मी सीट पुढे सरकवून दिली, म्हणजे हँडल जवळ येईल. तीन आठवड्यांनी पुन्हा आले, आता गुडघ्याची वाटी दुखत होती. मी हँडलचा स्टेम बदलला, 110 मिलीमीटरचा काढून 70 चा घातला. हँडल जवळ आलं, पण सायकल पुढून उडल्यासारखी वळू लागली आणि त्यांना उतारावर भीती वाटू लागली. चौथ्यांदा आले ते सायकल विकायला. "तुमचा दोष नाही," ते मला म्हणाले, "माझंच वय झालं. माझ्यात आता तेवढा दम नाही."

मी ती सायकल त्यांच्याकडून परत घेतली आणि योग्य मापाची दुसरी देतो म्हणालो. त्यांनी हात जोडले. आजही ते मला जॉगिंग ट्रॅकवर चालताना दिसतात, हसून नमस्कार करतात. सायकलवर ते पुन्हा बसले नाहीत. दोष पूर्ण माझा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतला, हे मला आजही खुपतं. पुढे मी हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. अंगाला न बसणारा बूट माणूस दुकानदाराला परत करतो. अंगाला न बसणारी सायकल मात्र तो गॅलरीत उभी करतो आणि आपल्याला जमत नाही असं घरच्यांना सांगतो.

त्या प्रकरणात माझ्या दोन चुका होत्या. पहिली विकतानाची. मी फक्त उंची पाहिली, लांबी पाहिलीच नाही. सीटची उंची वरखाली करता येते, त्यासाठी खांब दिलेलाच आहे. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर मूळ फ्रेममध्ये ठरतं. त्यात तीन-चार सेंटिमीटरपलीकडे हात घालता येत नाही. लांब पायांच्या, आखूड धडाच्या माणसाला मोठी फ्रेम पायाला बसते आणि हाताला फसवते. दुसरी चूक दुरुस्तीतली. हँडल लांब पडतं म्हणून मी सीट पुढे घेतली. सीट पायांसाठी असते. तिची जागा गुडघा ठरवतो. हाताची तक्रार सीट सरकवून मिटवायला गेलो आणि चांगल्या गुडघ्याला दुखणं लावलं.

त्यानंतर मी शिकायला बसलो. आमच्या गिऱ्हाइकांत एक फिजिओथेरपिस्ट ताई होत्या. त्यांनी मला कोन मोजायची पट्टी धरायला शिकवली. सायकल स्टँडवर लावायची, माणसाला दहा मिनिटं पायडल मारू द्यायचं, कारण थंड शरीर खोटं बसतं. मग पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किती वाकलेला राहतो ते पाहायचं. सरळ पायापासून 25 ते 35 अंशांची वाक असावी. त्याहून जास्त वाकला तर सीट खाली आहे आणि गुडघा पुढून दुखणार. त्याहून कमी वाकला तर सीट वर आहे, गुडघ्यामागची शीर ताणणार आणि कंबर डावी-उजवी हलणार. त्या मला म्हणाल्या होत्या, "दादा, सायकलकडे नका बघू, पाठीमागे उभे राहून कंबर बघा." ते वाक्य मी अजून पाळतो.

सीट किती पुढे-मागे हवी ते पाहायला ओळंबा मी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून आणला. दोन्ही पायडल आडव्या रेषेत धरायचे, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडापासून ओळंबा सोडायचा. तो पायडलच्या आसावरून जावा. ही जुनी पद्धत. तिला शास्त्राचा आधार नाही असं अमेरिकेतले सायकलकार कीथ बॉन्ट्रेगर यांनी पूर्वीच सविस्तर लिहून ठेवलं आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही मी ओळंबा ठेवला आहे. सुरुवात कुठून करायची ते तो सांगतो. शेवट माणूस सांगतो.

सूत्रंही पाठ झाली. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांत जाड पुस्तक उभं धरून सीटवर बसल्यासारखं वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तीनदा मोजायचं. या आतल्या उंचीला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून (पायडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे सूत्र 'टूर द फ्रान्स' ही शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं. 76 सेंटिमीटर आतली उंची असेल तर सीट साधारण 67 वर येते. गंमत पाहा, 168 सेंटिमीटर उंचीचे दोन सख्खे भाऊ माझ्याकडे आले होते. एकाची आतली उंची 74, दुसऱ्याची 80. सीटमध्ये पाच सेंटिमीटरहून जास्त फरक. दोघे आलटूनपालटून एकच सायकल चालवत होते आणि दोघांनाही ती आवडत नव्हती.

वाचताना मला एक जुनी गोष्ट कळली आणि फार बरं वाटलं. पुढचं चाक अवाढव्य आणि मागचं चिमुकलं अशा ज्या सायकली एकोणिसाव्या शतकात होत्या, त्यांचे पायडल थेट पुढच्या चाकाला असत. त्यामुळे चाक केवढं घ्यायचं हे पायाच्या लांबीवरूनच ठरवावं लागे. म्हणजे सायकल माणसाच्या मापाची असावी हा विचार आजकालचा नाही. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची जवळपास सारख्या चाकांची, साखळीची 'रोव्हर' आली आणि एकच सायकल अनेकांना चालू लागली. सोय झाली, पण माप घ्यायची सवय सैल पडत गेली असावी, असं मला वाटतं.

आता तर आकड्यांचा गोंधळ आहे. वडिलांच्या चोवीसचा अर्थ होता फ्रेमची सीटनळी 24 इंच, म्हणजे जवळपास 61 सेंटिमीटर. आज लहान मुलांच्या सायकलींत 24 म्हणजे चाक 24 इंची. आजोबा नातवाला घेऊन येतात आणि म्हणतात, "चोवीसची द्या," आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या सायकली असतात. डोंगरी सायकलींचे 26, 27.5, 29 हे आकडेही चाकांचेच. रोड सायकलींत 1990 च्या दशकाअखेरीस उतरत्या दांड्याच्या फ्रेमा आल्या आणि सीटनळीच्या लांबीला पूर्वीचा अर्थ उरला नाही. एस, एम, एल अशी कपड्यांसारखी मापं आली. एका कंपनीचं एम दुसऱ्या कंपनीच्या एलइतकं लांब निघतं, हे मी टेपने मोजलं आहे. म्हणून मी आता अक्षर वाचत नाही. स्टॅक आणि रीच पाहतो. क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीचा माथा किती वर आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. मी त्यांना उंची आणि पोच म्हणतो. हे दोन आकडे बहुतेक कंपन्या छापतात. गिऱ्हाईक ते कधी विचारत नाही.

मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो. आईवडील म्हणतात, वाढत्या अंगाची द्या. शाळेचा गणवेश थोडा मोठा घेतला तर बाही दुमडता येते. सायकलीला बाही नसते. ज्या मुलाचे पाय टेकत नाहीत ते घाबरतं, पडतं आणि सायकल सोडतं. ज्याचा हात ब्रेकपर्यंत पुरत नाही त्याला तर मी रस्त्यावर जाऊच देत नाही. अनेक ब्रेकच्या दांडीला एक छोटा स्क्रू असतो, तो आत घेतला की दांडी बोटांच्या जवळ येते. हे पाच मिनिटांचं काम आहे. कित्येक सायकली तो स्क्रू एकदाही न फिरवता भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

हाच स्क्रू मी एका शिक्षिकेच्या सायकलीला फिरवला होता. त्या उंचीने पाच फूट, आणि दोन दुकानांतून त्यांना बास्केटवाली लेडीज सायकल दाखवून परत पाठवलं होतं. त्यांना धरणापर्यंत जाऊन यायचं होतं, दर रविवारी. त्यांच्यासाठी मी सगळ्यात लहान फ्रेम मागवली, क्रँक 170 ऐवजी 165 मिलीमीटरचा, हँडल अरुंद. सीटसाठी त्यांना पन्हाळी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसवलं. बसायच्या हाडांचे दोन खड्डे पुठ्ठ्यावर उमटतात, त्यांमधलं अंतर मोजलं की सीटची रुंदी कळते. दोन महिन्यांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जून लागला, सोमेश्वरच्या पुढे समोरून वारा येतो, तरी हात दुखत नाहीत." या रस्त्यावरचा तो पावसाआधीचा पश्चिमेचा वारा ज्याने खाल्ला आहे त्यालाच या वाक्याचं मोल कळेल. पुढल्या हिवाळ्यात त्यांनी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली.

सगळ्या गोष्टी अशा जुळून येत नाहीत. गिरणारे रस्त्यावर मला एक शाळकरी मुलगी उभ्यानेच पायडल मारत जाताना दिसायची. तिला मिळालेली सायकल तिच्यापेक्षा बरीच मोठी होती, सीट खालपर्यंत आणलेली होती तरी पोचत नव्हतं. एके दिवशी थांबवून तिच्या वडिलांशी बोललो. फ्रेम लहान करता येत नाही. मी तिची स्प्रिंगांची उंच सीट काढून पातळ सीट बसवली, चार बोटं उंची कमी झाली. ती बसू लागली, पण अंगठ्यांच्या टोकावर. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही. अजून दोन वर्षांत ती उंच होईल, असं म्हणून मी स्वतःला समजावलं. ते समजावणं मला आवडलेलं नाही.

आणि एक कबुली. फिट करायला मला दीड तास लागतो आणि त्याचे मी पैसे घेतो. सुरुवातीला लाज वाटायची. लोक म्हणायचे, सीट वरखाली करायचे कसले पैसे? आता मी शांतपणे सांगतो की चाकाचा आऊट काढायचे तुम्ही देता, तसेच तुमच्या बसण्याचा आऊट काढायचे द्या. काही जण निघून जातात. जाऊ देतो. आणि दुकानात योग्य माप नसेल तर "नाही" म्हणतो, दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. यात माझं नुकसान होतं. वर्षाला किती ते मी मोजलं आहे, पण ती रक्कम मला जड वाटत नाही.

जी मंडळी आधीच लांब चालवतात त्यांना एकच सांगणं: बदल एका वेळी एकच करा आणि थोडा करा. 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करणारा एक तरुण गुडघ्यामागे दुखतं म्हणून आला होता. इंटरनेटवरच्या सूत्राने त्याने सीट एका दमात दोन सेंटिमीटर वर केली होती. मी ती पाच-पाच मिलीमीटरने खाली आणली, प्रत्येक वेळी आठवडाभर चालवायला लावून. महिना गेला. दुखणं थांबलं. एवढा धीर त्याने धरला, याचं मला कौतुक आहे.

माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलच्या बारीक आडव्या खुणा आहेत. प्रत्येक खूण एकेका माणसाच्या आतल्या उंचीची. रंग द्यायचा झाला की मी रंगाऱ्याला ती भिंत सोडायला सांगतो. पहिली खूण असायला हवी होती त्या निवृत्त गृहस्थांची, ती तिथे नाही.

तुमच्या गॅलरीत एखादी सायकल उभी असेल आणि ती आपल्याला जमत नाही असं तुम्ही मानून बसला असाल, तर विकण्याआधी एवढं करा. बूट काढा, भिंतीला टेका, पायांत पुस्तक धरा आणि घरातल्या कुणालातरी माप घ्यायला सांगा. मग क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजा. शिंप्याची टेप चालते.